ताल जुळतो, सूर जुळत नाही : खऱ्या वाफेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांचा आवाज

वाफाळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून घरामागच्या बागेत दोन रुळांत ३२ मिलिमीटर अंतर असलेल्या मार्गावर मी खऱ्या वाफेची छोटी इंजिने चालवतो. इथे १ फुटाला १६ मिलिमीटर हे प्रमाण रूढ आहे, म्हणजे सुमारे १:१९. त्या हिशेबाने ३२ मिलिमीटरचा रूळ नेमका २ फुटी मार्ग दाखवतो, आणि आपले माथेरान काय किंवा दार्जिलिंग काय, दोन्ही मार्ग २ फुटीच आहेत. माझ्या इंजिनात तांब्याचा बॉयलर आहे, त्याच्या पोटातून जाणारी एकच जाड नळी आहे, त्या नळीत ब्युटेनवर जळणारा बर्नर आहे आणि कामाचा दाब चौरस इंचाला ४० पौंड आहे. इंजिन ओढते उत्तम, पण बोलत नाही. धुराड्यातून वाफ निघताना डोळ्यांना दिसते. कानांना मात्र बर्नरची घरघर आणि त्याखाली दबलेली एक अखंड फुसफुस एवढेच ऐकू येते. गेले वर्षभर मी याच एका गोष्टीच्या मागे आहे आणि आतापर्यंत जे हाती लागले ते इथे मांडतो.

मोठे इंजिन ‘झुकझुक’ का करते, इथून सुरुवात करावी लागते. दोन सिलिंडर, प्रत्येकात पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी वाफ, आणि दोन बाजूंचे क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने चाक फिरवणाऱ्या भुजा, एकमेकांशी काटकोनात. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात वापरलेली वाफ चार वेळा बाहेर पडते. ही वाफ मोठ्या इंजिनात मुद्दाम एका अरुंद तोंडातून धुराड्यात सोडतात, कारण तिच्या झोतामुळे भट्टीतून हवा ओढली जाते आणि कोळसा फुलतो. म्हणजे जो आवाज ऐकून आपण मोठे झालो, तो भट्टीचा श्वास आहे. गॅसवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाला या ओढीची गरज नसते. त्यामुळे बनवणारा एक्झॉस्टची, म्हणजे वापरलेली वाफ बाहेर नेणारी नळी धुराड्याखाली नुसती उघडी सोडून देतो, आणि वाफ जोर न करता निघून जाते.

आता प्रमाणाचा प्रश्न. ३५ मिलिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात ११ सेंटिमीटर जाते. खरी गाडी ताशी १२ किलोमीटरने घाट चढत असेल, तर माझी गाडी त्या प्रमाणात सेकंदाला साडेसतरा सेंटिमीटर चालली पाहिजे. म्हणजे सेकंदाला १.६ फेरे आणि सहा-साडेसहा ठोके. गंमत अशी की खऱ्या इंजिनाचेही ठोके तेवढेच पडतात, कारण चाक आणि वेग एकाच पटीने लहान झाले आहेत. ताल आपोआप जुळतो. सूर मात्र जुळत नाही, कारण नळी १९ पट आखूड झाली की तिचा स्वर १९ पट चढतो, म्हणजे चार सप्तकांहून थोडा अधिक. ज्याला खर्जात बोलायचे, त्याला आपण अतितारातल्या स्वरापलीकडे नेऊन बसवतो. छोट्या इंजिनाला आवाज देणे म्हणजे हा चढलेला सूर जमेल तितका खाली आणणे, असे मी आता मानतो.

यासाठी स्मोकबॉक्समध्ये (धुराड्याखालच्या पोकळ कप्प्यात) एक लहानसा अनुनादक, म्हणजे आवाज घुमवणारी पोकळी बसवतात. ‘समरलँड्स चफर’ या नावाचा तयार नग इथल्या छंदिष्टांत बराच प्रसिद्ध आहे आणि मी तो मित्राच्या इंजिनावर ऐकला आहे. फरक खरोखर थक्क करणारा होता. पण माझ्या इंजिनाचे स्मोकबॉक्स अडचणीचे असल्यामुळे मी स्वतःच घडवायला घेतले.

पहिला प्रयत्न साधा होता: पितळेची ४० मिलिमीटर नळी, खालून बंद, वरून उघडी, आणि वाफेचा झोत तिच्या काठावर आडवा. बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसे. अशा नळीचा स्वर काढण्यासाठी ध्वनीच्या वेगाला लांबीच्या चौपटीने भागायचे. इथे माझी चूक झाली. तोंडाने फुंकून पाहताना मी हवेतला वेग, सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, धरला होता. १०० अंशांच्या वाफेत तो सुमारे ४७० मीटर असतो. टेबलावर जी नळी २१५० हर्ट्‌झच्या आसपास बोलत होती, ती इंजिनात गेल्यावर २९०० वर जाऊन किंचाळायला लागली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारू लागली, कुकर कुठे लावला आहेस?

दुसऱ्या प्रयत्नात लांबीचा नाद सोडला आणि पोट मोठे, तोंड लहान अशी डबी केली. अशा पोकळीचा स्वर घनफळाच्या वर्गमुळाने उतरतो. घनफळ चौपट केले तर स्वर निम्म्यावर येतो. आवाज बराच खाली आला. पण झोताचे तोंड १.६ मिलिमीटर केले तेव्हा ठोका खणखणीत, मात्र सिलिंडरमागे दाब तुंबून चार डब्यांची गाडी वळणावर थांबायची. तोंड २.४ मिलिमीटर केल्यावर ओढ परत आली आणि आवाजही टिकला.

सर्वांत मोठा धडा मात्र डबीबाहेरचा आहे. बर्नर गप्प केल्याशिवाय कुठलाही चफर ऐकू येत नाही. मी आधी रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) बंद ठेवून, नुसता बर्नर पेटवून, दोन मीटरवरून ऐकतो. हवेच्या छिद्रांवरची कडी थोडी थोडी फिरवून आणि गॅस फक्त लागेल तेवढाच ठेवून माझ्या बर्नरची घरघर निम्म्याहून कमी झाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ठोके सुटे ऐकू आले.

आपल्यापैकी कोणी असे प्रयोग केले असतील तर मापांसकट लिहावे.

पितळकाम

उत्तम धागा. मी पुण्यात राहतो, छोटा लेथ घरी आहे, आणि परदेशातून आणलेले एक जुने इंजिन गेल्या दोन वर्षांत पुन्हा उभे केले आहे. माझा अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहितो. अनुनादकाची डबी मी कोपऱ्यावरच्या एका वर्कशॉपमधून करून घेतली होती. तळाचे झाकण साध्या सोल्डरने बसवले आहे हे मला ठाऊक नव्हते. शिसे-कथलाचे सोल्डर १८५ अंशांच्या आसपास वितळू लागते. चालू असताना वाफेने डबी थंड राहते. पण मी इंजिन उभे ठेवून बर्नर चालू ठेवला आणि नळीतून येणारा गरम वायू सरळ तिच्या बुडाला लागला. झाकण निसटून स्मोकबॉक्सच्या तळाशी पडले आणि आवाज एकाएकी गेला. तेव्हा स्मोकबॉक्समध्ये जे काही जाईल त्याला सिल्व्हर ब्रेझिंगच (खूप जास्त तापमानाला वितळणारा, चांदीमिश्रित धातूचा सांधा) करावे, नाहीतर एकाच सळईतून कोरून काढावे.

दुसरी गोष्ट तेलाची. लुब्रिकेटरमधले तेल वाफेबरोबर सिलिंडरमधून फिरून शेवटी धुराड्यातच येते. खालून बंद असलेल्या डबीत ते साचते. वीस मिनिटे चालवल्यावर माझ्या इंजिनाचा आवाज घशात पाणी अडकल्यासारखा झाला. थंड झाल्यावर डबी काढून उलटी केली तर ताकासारखा पांढरट, चिकट द्रव बाहेर आला. तळाला ०.८ मिलिमीटरचे एक छिद्र पाडले. आवाजात फरक पडला नाही आणि साचणे थांबले.

परिपथ

वाफाळ दादा, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूने लिहितो. सूर चार सप्तके चढणार हे भौतिकशास्त्र असेल, तर त्याच्याशी झगडण्याऐवजी खऱ्या इंजिनाचे ध्वनिमुद्रण का वाजवू नये? चाकाच्या आतल्या बाजूला चार लहान चुंबक, चौकटीवर एक हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचे ओळखणारा), मागच्या डब्यात अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि मेमरी कार्डावरून आवाज वाजवणारा छोटा मॉड्यूल. चाक फिरले की फेऱ्याला चार ठोके. साधने सहज मिळतात. काळजी दोनच: नेहमीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर शक्ती गमावू लागतात, म्हणून ते बॉयलरखालच्या आसाऐवजी डब्याच्या आसावर लावावेत आणि व्यासातला फरक हिशेबात धरावा, आणि लिथियम बॅटरी इंजिनात कधीही ठेवू नये, मागच्या डब्यातच ठेवावी.

नेरळवासी

हा धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. माझे बालपण नेरळला गेले आणि माथेरानच्या गाडीला वाफेचे इंजिन होते ते दिवस मी पाहिले आहेत. १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गावर ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीची सहा चाकांची टँक इंजिने होती. चाकांचे पुढचे-मागचे आस वळणात सरकू शकतील अशी खास रचना त्यांत होती, कारण वळणे तशीच अवघड आहेत. चढ काही ठिकाणी २० फुटाला १ फूट आहे.

परिपथ, तुमच्या कल्पनेबद्दल एक नम्र सूचना करतो. आम्हा मुलांना घरात बसून कळायचे की गाडी चढते आहे की उतरते आहे. चढताना एकेक ठोका वेगळा, जड, आणि वळणात गाडी आवळली की ठोक्यांमधले अंतर वाढायचे, पण प्रत्येक ठोका आधीच्याहून मोठा व्हायचा. उतरताना ठोके नसतच. वाफ बंद असायची. ऐकू यायची ती दांड्यांची खडखड, ब्रेकची करकर आणि रुळांचा आवाज. चाक फिरले म्हणून ठोका वाजवणारे यंत्र उतारावरही झुकझुक करील. ज्याने खरे इंजिन ऐकले आहे त्याच्या कानाला ते पहिल्याच फेरीत खटकेल.

वाफाळ

नेरळवासी काका, आपण नेमके बोट ठेवलेत. मला चफरचे आकर्षण आहे ते याचसाठी. तो आवाज इंजिनाच्या कष्टातून येतो. रिकामे इंजिन सपाटीवर जवळजवळ बंद रेग्युलेटरवर पळते, तेव्हा सिलिंडरमध्ये दाब नावापुरताच असतो आणि चफर गप्प राहतो. मागे सहा डबे लावून चढावर घ्या. रेग्युलेटर उघडावा लागतो, ठोक्याच्या शेवटी सिलिंडरमध्ये शिल्लक राहिलेला दाब वाढतो, आणि तोच दाब झडप उघडताक्षणी धुराड्यात फुटतो. त्यामुळे आवाज हवा असेल तर इंजिनाला वजन द्या, हा माझा नव्या मंडळींना पहिला सल्ला असतो. दोन डब्यांत मी शिशाचे तुकडे ठेवले आहेत.

आणि हळू चालवा. सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या वेगाने पळवले तर सेकंदाला चौदा-पंधरा ठोके पडतात, आणि कानाला ते वेगळे राहत नाहीत, त्यांची भुणभुण होते.

पितळकाम, छिद्राची युक्ती मी कालच करून पाहिली. आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहिला. आभार.

एक इशारा राहून गेला होता. हे सगळे केवळ एका नळीच्या, गॅसवर चालणाऱ्या इंजिनांसाठी आहे. कोळशावर किंवा स्पिरिटवर चालणाऱ्या, अनेक नळ्यांच्या बॉयलरला एक्झॉस्टच्या झोताची ओढ लागते. तिथे झोताच्या वाटेत डबी आणली तर आग मंदावते आणि दाब उतरतो. तसेच, आवाज वाढावा म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह घट्ट करून दाब वाढवण्याचा विचारही कोणी मनात आणू नये.

रुळकरी

चर्चा ठोक्यांवर चालली आहे, पण शिट्टीचे काय? माझ्या इंजिनाच्या कॅबवर लहानशी पितळी शिट्टी आहे. वाजवली की आधी पाणी थुंकते आणि मग डासासारखी वाजते. हिला सुधारण्याचा मार्ग आहे का?

वाफाळ

मार्ग आहे, पण कॅबवरच्या शिट्टीचा नाही. ती शोभेची समजा. शिट्टीलाही तेच गणित लागू आहे: एका बाजूने बंद असलेल्या नळीतून वाफेत ३०० हर्ट्‌झचा स्वर हवा असेल तर नळी ३९ सेंटिमीटर लागते, आणि आपले अख्खे इंजिन तेवढे नसते. १० सेंटिमीटरच्या नळीतून १२०० हर्ट्‌झच्या आसपास मिळतो. हा स्वर उंच आहे, पण डासासारखा नक्कीच नाही. म्हणून जाणकार लोक खरी शिट्टी पायफळीखाली किंवा बाजूच्या नकली टाकीत आडवी दडवतात. मी ती बॉयलरच्या अंगाला लागून बसवली आहे. कारण तुमचे दुसरे दुखणे, पाणी थुंकण्याचे, थंड पितळेमुळे आहे. गार नळीत पहिल्या वाफेचे पाणी होते आणि ते पाणी शिट्टीच्या फटीत बसते. नळी गरम असली की शिट्टी लगेच बोलते. बंद टोक जरा खाली झुकवून तिथेही निचऱ्याचे बारीक छिद्र ठेवा. आणि शिट्टी बेताने वाजवा. एवढ्याशा बॉयलरमधून तीन सेकंद शिट्टी दिली की दाबमापकाचा काटा खाली येताना दिसतो.

परिपथ

नेरळवासी काकांचे म्हणणे मनाला लागले आणि आठवडाभर त्यावर काम केले. उतारावरची झुकझुक थांबवता येते. माझे इंजिन रेडिओ कंट्रोलवर आहे. रेग्युलेटर फिरवणाऱ्या सर्वोला, म्हणजे छोट्या मोटरला, रिसीव्हरकडून १ ते २ मिलिसेकंद रुंदीची स्पंदे जातात. तीच तार मी अर्डुइनोलाही जोडली. आता त्याला दोन गोष्टी कळतात: रेग्युलेटर किती उघडा आहे आणि चाक किती वेगाने फिरते आहे. रेग्युलेटर बराच उघडा आणि चाक मंद, म्हणजे इंजिन कष्टात आहे, ठोका मोठा. रेग्युलेटर बंद आणि चाक फिरते आहे, म्हणजे उतार, ठोका नाही, फक्त दांड्यांची खडखड. परिणाम खूपच पटण्यासारखा आहे. एक मर्यादा मात्र मान्य करतो: डब्यात मावणारा ४ सेंटिमीटरचा स्पीकर खर्ज देऊ शकत नाही, आणि आवाज धुराड्यातून येण्याऐवजी मागच्या डब्यातून येतो.

वाफाळ

परिपथ, वजन ओळखण्याची तुमची रीत फार चांगली आहे आणि ज्यांना स्मोकबॉक्स उघडायचे नाही त्यांच्यासाठी ती मी जरूर सुचवीन. माझे मन मात्र धुराड्यातल्या आवाजातच अडकले आहे. वाफ दिसते तिथूनच ठोका ऐकू आला की डोळे आणि कान यांचे एकमत होते. त्यासाठी सूर दोन सप्तके वर राहिला तरी मला चालेल.

तिसरी डबी तयार आहे. एकाच पितळी सळईतून कोरलेली, आतला व्यास १२ मिलिमीटर, आतली उंची ३५, वरचे तोंड ३ मिलिमीटर, तळाला छिद्र. सहा डब्यांसह चढावर केलेले ध्वनिमुद्रण खाली जोडतो आहे. नेरळवासी काका, आपण कानाला लावून ऐकावे आणि जे वाटेल ते स्पष्ट लिहावे, ही विनंती.

नेरळवासी

चार वेळा ऐकले. दुसऱ्या वळणावर गाडी आवळते तिथला आवाज ऐकून मी डोळे मिटून बसलो होतो, एवढेच सांगतो. अर्थात सूर उंच आहे, पण घाटातून दूरवरून येणाऱ्या गाडीसारखा.

आता दोष. चारही ठोके सारखे नाहीत. एक मध्यम, दुसरा दबलेला, तिसरा मध्यम, चौथा सर्वांत जोरकस, आणि पुन्हा तेच. ठोके डावा-उजवा-डावा-उजवा असे पडतात, म्हणजे दुसरा आणि चौथा एकाच सिलिंडरचे आहेत. त्या बाजूची झडप मध्यावर बसलेली नसावी. एका टोकाला वाफ जास्त जाते आणि दुसऱ्याला कमी. आमच्या शेजारी राहणारे फायरमन काका स्टेशनात शिरणारे इंजिन नुसते ऐकून असे सांगत, ते आठवले.

वाफाळ

काका, उजव्या बाजूची वाफपेटी, म्हणजे झडपेची पेटी, आज सकाळी उघडली. झडपेचा दांडा एका टोकाला वाफ आत जाण्याचे जेवढे तोंड उघडत होता, त्याच्या जेमतेम निम्मे दुसऱ्या टोकाला उघडत होता. दांड्यावरचा नट पूर्ण एक फेरा मागे घेतला, चाक हाताने फिरवून दोन्ही तोंडे कागदाच्या पट्टीने मोजली, आणि नवी गॅस्केट कापून पेटी बंद केली. दोन वर्षे हे इंजिन मी चालवतो आहे आणि चालीवरून हा दोष मला कधी जाणवला नव्हता.

दुपारी पाऊस उघडल्यावर पुन्हा वाफ केली. चारही ठोके आता सारखे पडतात. नवे ध्वनिमुद्रण जोडतो आहे. त्यात शेवटी गाडी उतारावर येते तेव्हा रेग्युलेटर बंद आहे आणि फक्त दांडे वाजतात, ते मुद्दाम तसेच ठेवले आहे. पितळकाम, डबीचे रेखाचित्र उद्या मापांसह टाकतो. आपल्या इंजिनाच्या धुराड्याचा आतला व्यास तेवढा कळवावा, म्हणजे तोंडाचे माप त्याप्रमाणे काढून देता येईल.